प्रतिकूल मतदारसंघात पक्ष कसा रुजतो? खान्देशातील निकालांवरून एक उलगडा

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत धुळे मतदारसंघाचा निकाल ऐकून अनेकांनी आकडे पुन्हा तपासले होते. मतदारसंघातील सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भारतीय जनता पक्षाचे सुभाष भामरे आघाडीवर होते आणि तरीही काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. सहावे क्षेत्र मालेगाव मध्य होते. तेथे बच्छाव यांना १ लाख ९८ हजारांहून अधिक मते पडली, तर भामरे यांना साडेचार हजारांच्या आसपास. पाच ठिकाणी मिळून कमावलेली सुमारे १ लाख ९० हजारांची आघाडी एकाच ठिकाणी फिटली.

या निकालाचे धार्मिक ध्रुवीकरण हे स्पष्टीकरण ताबडतोब दिले गेले. ते चुकीचे नाही, मात्र तेवढ्यावर थांबले तर एक महत्त्वाचा प्रश्न विचारायचा राहून जातो. ज्या भागात आपल्याला मते पडत नाहीत असे पक्षाने गृहीत धरलेले असते, त्या भागात थोडी अधिक मते मिळवणे शक्य असते का, आणि असेल तर ते कसे? हा प्रश्न एका पक्षाचा नाही. मालेगाव मध्यमध्ये तो भाजपपुढे आहे, रावेर आणि जळगाव या लोकसभा मतदारसंघांत तो काँग्रेस व राष्ट्रवादीपुढे वर्षानुवर्षे उभा आहे, आणि नंदुरबारमध्ये तो आलटून पालटून दोघांनाही पडला आहे.

पुढील विवेचनात ‘प्रतिकूल भाग’ म्हणजे जेथे एखादा पक्ष लागोपाठ अनेक निवडणुकांत मोठ्या अंतराने मागे राहिला आहे आणि जेथे मतदानाच्या दिवशी केंद्रावर बसायला त्याला प्रतिनिधीही सहज मिळत नाही, असा भाग. ‘बूथ’ म्हणजे एक मतदान केंद्र, ज्याची मतदारयादी स्वतंत्र असते आणि ज्यात साधारणपणे हजार-बाराशे मतदार असतात.

### एक मत दोन मतांइतके केव्हा होते

आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मते, तो निवडून येतो; निम्म्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत अशी अट नाही. या पद्धतीत लोकसभेसाठी मतदारसंघातील प्रत्येक बूथचे मत एकाच ढिगात पडते. एखाद्या गावात आपण हरलो की जिंकलो याला हिशेबात काही अर्थ नसतो. किती मतांनी हरलो याला असतो. प्रतिकूल गावात आठशे मतांनी हरणारा पक्ष जर सहाशे मतांनी हरू लागला, तर त्या गावात त्याचा पराभव कायम राहतो आणि तरीही त्याच्या पदरात दोनशे मतांची कमाई पडते.

विरोधकाचा एखादा मतदार घरी बसला तर विरोधकाचे एक मत कमी होते. तोच मतदार आपल्याकडे वळला तर विरोधकाचे एक जाते आणि आपले एक वाढते, म्हणजे अंतर दोनने घटते. धुळ्याचे ३,८३१ मतांचे अंतर पार करण्यासाठी १,९१६ मतदार वळणे पुरेसे होते. मालेगाव मध्यमध्ये बच्छाव यांना पडलेल्या मतांच्या तुलनेत हे प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी आहे.

हाच हिशेब उलट बाजूनेही मांडता येतो. २०१९ मध्ये भामरे याच मतदारसंघातून सव्वादोन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले होते. २०२४ मध्ये उरलेल्या पाच क्षेत्रांत त्यांची आघाडी कायम राहिली, मात्र ती पुरेशी मोठी राहिली नाही. बागलाण आणि मालेगाव बाह्य हा कांद्याचा पट्टा आहे. कांद्याच्या निर्यातीवर डिसेंबर २०२३ मध्ये घातलेली बंदी मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात, मतदानाला जेमतेम दोन आठवडे उरले असताना उठली. त्या नाराजीने नेमकी किती मते वळवली हे मोजता येत नाही, परंतु काँग्रेसला तेथे आघाडी घेण्याची गरजच नव्हती, केवळ पिछाडी आटोक्यात ठेवायची होती, आणि ती तिने ठेवली.

### मतदार सहजासहजी का वळत नाही

कापूस पेरायच्या वेळी शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो. बियाणे आणि खतासाठी तो गावातल्या किंवा तालुक्याच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि दिवाळीनंतर कापूस त्यालाच घालतो. दुसऱ्या व्यापाऱ्याने क्विंटलमागे शंभर रुपये जास्त देऊ केले तरी तो बहुधा जात नाही. पुढच्या ज्येष्ठात दारात कोण उभे करील, हा त्याचा प्रश्न असतो आणि तो रास्त असतो.

मतदार आणि पक्ष यांचे नाते पुष्कळसे असेच असते. जाहीरनामा हा दिवाळीनंतरचा भाव आहे. मतदार विचार करतो तो ज्येष्ठातल्या उचलीचा. जातीचा दाखला अडला, शिधापत्रिकेवरून नाव उडाले, रुग्णाला रात्री धुळ्याच्या किंवा सुरतच्या रुग्णालयात न्यायचे आहे, ऊसतोडीला गेलेल्या टोळीचा मुकादमाशी वाद झाला, अशा वेळी ज्याच्याकडे जाता येते तो माणूस ज्या पक्षाचा, तो पक्ष त्या घराचा. हा माणूस आमदार क्वचितच असतो. तो सरपंच असतो, विविध कार्यकारी सोसायटीचा चेअरमन असतो, पोलीस पाटील असतो, दूध संस्थेचा सचिव असतो किंवा आश्रमशाळेतला एखादा शिक्षक असतो. नवा पक्ष गावात येतो तेव्हा त्याला या माणसाला ओलांडून मतदारापर्यंत जावे लागते, आणि ते जवळजवळ अशक्य असते.

दुसरे कारण भीतीचे आहे आणि त्याच्याबद्दल कमी बोलले जाते. मत गुप्त असते, गावाचे मत गुप्त नसते. मतमोजणीनंतर निवडणूक यंत्रणा ‘फॉर्म २०’ नावाचा तक्ता तयार करते; त्यात प्रत्येक बूथवर प्रत्येक उमेदवाराला पडलेली मते लिहिलेली असतात आणि तो कोणालाही पाहता येतो. मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांवरील मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळण्याची तरतूद होती. मतदान यंत्रे आल्यावर ती सोय राहिली नाही. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारे ‘टोटलायझर’ नावाचे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. केंद्र सरकारने तो स्वीकारला नाही. त्यामुळे तीनशे उंबऱ्यांच्या पाड्यावर दुसऱ्या पक्षाला अचानक दीडशे मते पडली, तर ती पडली हे आठवड्याभरात सर्वांना कळते आणि पुढच्या वर्षी रस्त्याचे काम कोणत्या पाड्याला मिळणार याच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. मतदाराला ‘निर्भयपणे मत द्या’ असे सांगणारे कार्यकर्ते निकालानंतर त्या पाड्यावर फिरकत नसतील, तर त्याने त्यांचे का ऐकावे?

### नेता आणला की मतदार येतो का

प्रतिकूल भागात शिरण्याचा सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे तेथला प्रस्थापित नेताच आपल्या पक्षात घेणे. खान्देशात याची इतकी उदाहरणे आहेत की यालाच राजकारण म्हणतात असा तरुण कार्यकर्त्यांचा समज झाला आहे. हा रस्ता कधी पोहोचवतो आणि कधी मध्येच सोडतो, हे पाहण्यासारखे आहे.

नंदुरबार हा काँग्रेसचा सर्वांत भक्कम समजला जाणारा मतदारसंघ होता. माणिकराव गावित १९८१ पासून तेथून सलग नऊ वेळा लोकसभेवर गेले. देशव्यापी आधार योजनेचा प्रारंभ २०१० मध्ये याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात झाला, यावरूनही काँग्रेसला या भागाबद्दल किती खात्री होती हे दिसते. २०१४ मध्ये भाजपने हीना गावित यांना उमेदवारी दिली. त्यांचे वडील विजयकुमार गावित तोपर्यंत राज्यात राष्ट्रवादीचे मंत्री होते. एका लाखाहून अधिक मतांनी माणिकराव हरले. देशात मोदींच्या नावाची लाट होती हे खरे, पण लाटेला उतरायला घाट लागतो, आणि तो गावित कुटुंबाच्या गावोगावच्या संपर्काने बांधून ठेवलेला होता.

शिरपूरमध्येही असेच घडले. अमरीश पटेल यांनी काँग्रेसमध्ये असताना तालुक्यात शिक्षणसंस्था, सूतगिरणी आणि जलसंधारणाचा ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून ओळखले जाणारे काम उभे केले. मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव झाल्यावर त्यांच्या पाठबळाने काशीराम पावरा काँग्रेसकडून निवडून येत राहिले. २०१९ मध्ये पटेल भाजपमध्ये गेले, पावरा भाजपकडून उभे राहिले, आणि मतदारसंघाने पक्ष बदलला. २०२४ मध्ये पावरा यांचे मताधिक्य लाखाच्या वर होते.

आता मुक्ताईनगर पाहा. एकनाथ खडसे यांनी हा भाग भाजपसाठी तीन दशके सांभाळला. २०१९ मध्ये त्यांच्याऐवजी कन्या रोहिणी खडसे यांना उमेदवारी मिळाली आणि त्या दोन हजारांहून कमी मतांनी अपक्ष चंद्रकांत पाटील यांच्याकडून हरल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये खडसे राष्ट्रवादीत गेले. नेता गेला म्हणजे मतदार जाणार, हा नियम असता तर २०२४ मध्ये हा सगळा पट्टा राष्ट्रवादीकडे झुकायला हवा होता. प्रत्यक्षात त्यांच्या स्नुषा रक्षा खडसे भाजपमध्येच राहून रावेर लोकसभा मतदारसंघातून अडीच लाखांहून अधिक मतांनी निवडून आल्या आणि विधानसभेला रोहिणी खडसे पुन्हा पराभूत झाल्या.

माझ्या मते या उदाहरणांतला फरक नेत्याच्या उंचीत नाही. शिरपूरमध्ये नेत्याबरोबर संस्था, त्यांतले नोकरदार, पालक, सभासद आणि तालुक्यातले पदाधिकारी अखंड आले. मुक्ताईनगरमध्ये ते जाळेच विभागले गेले. घरातसुद्धा दोन पक्ष झाले, आणि दरम्यान समोर एक नवा माणूस आमदार म्हणून लोकांची कामे करू लागला होता. पक्ष जो घेतो तो नेता. मतदार ज्याच्या मागे जातो ते त्याचे जाळे.

### फाटाफुटीत मिळालेली जागा

धुळे शहर विधानसभेची जागा २०१९ मध्ये एमआयएमचे फारुक शाह यांनी जिंकली. ज्या शहरात हा पक्ष जिंकेल असे फार कोणाला वाटत नव्हते, तेथे प्रतिस्पर्ध्यांची मते अनेक उमेदवारांत वाटली गेली आणि सुमारे ४७ हजार मतांवर त्यांचा विजय झाला. २०२४ मध्ये विरोधातली मते एकवटली आणि जागा भाजपकडे गेली. जागा मिळणे आणि मतदार मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, एवढेच येथे नोंदवतो.

### मग प्रत्यक्षात काय करावे लागते

प्रतिकूल भागात काम करणाऱ्या पक्षाकडे बहुधा त्या भागातली सत्ता नसते. निधी आणता येत नाही, बदली करता येत नाही, ठेका देता येत नाही. त्याच्या हाती एक गोष्ट असते: कागदाचे काम. हे काम रटाळ असते, त्यात फोटो निघत नाही, आणि म्हणूनच ते करणारे कमी असतात.

सातपुड्यातल्या अक्कलकुवा, धडगाव, तळोदा या तालुक्यांत वनहक्क कायद्याखालचे दावे हे याचे ठळक उदाहरण आहे. २००६ च्या या कायद्यानुसार वनजमीन कसणाऱ्या आदिवासीचा दावा आधी ग्रामसभेपुढे, मग उपविभागीय समितीपुढे आणि शेवटी जिल्हा समितीपुढे जातो. दावा फेटाळला गेला तर अपील करता येते, पण त्यासाठी फेटाळल्याचे पत्र हातात असावे लागते, पुरावे जोडावे लागतात, मुदत पाळावी लागते. एखादा कार्यकर्ता जर वर्षभर दर आठवड्याला प्रांत कार्यालयात चार-पाच जणांची अपिले लावत राहिला, तर त्याने त्या खोऱ्यात केलेली ओळख कोणत्याही सभेने होणार नाही. रावेर-यावल पट्ट्यात हेच काम केळीच्या पीकविम्याचे आहे. हवामानावर आधारित या विम्यात तापमान आणि वाऱ्याचे आकडे हवामान केंद्राचे धरले जातात, आपल्या बागेत काय झाले ते धरले जात नाही. त्यामुळे कोणत्या महसूल मंडळाला भरपाई का आली नाही हे समजून घेऊन तक्रार लिहिणारा माणूस बागायतदाराला हवा असतो, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

भाषेचाही येथे उल्लेख केला पाहिजे. तापीकाठच्या गावांत अहिराणीत बोलणारा वक्ता आणि प्रमाण मराठीत बोलणारा वक्ता यांच्यातला फरक पक्षांना आता समजला आहे. डोंगरात मात्र अजून पावरी, भिली, कोकणी, मावची बोलणारे प्रवक्ते फार थोड्या पक्षांकडे आहेत. दुभाष्या घेऊन मत मागायला जाणाऱ्याची पंचाईत पाहण्यासारखी असते.

तथापि केवळ काम पुरत नाही, आणि याचा पुरावाही खान्देशातच आहे. १९७० च्या दशकात शहादा-तळोदा भागात श्रमिक संघटनेने सालदार आणि भूमिहीनांची चळवळ उभी केली. साक्री-नवापूर पट्ट्यात सत्यशोधक चळवळीने जमिनीचे प्रश्न लढवले. सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी नर्मदा बचाओ आंदोलन दशकानुदशके अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांत राहिले. या संघटनांवर लोकांचा विश्वास होता, त्यांच्या हाकेला हजारो लोक पायी निघत. पण मोर्चात दिसणारी ताकद मतदान यंत्रात तेवढी कधी उतरली नाही, आणि त्याच गावांनी लोकसभेला वर्षानुवर्षे काँग्रेसला मते दिली. कारण संघर्ष एका संघटनेकडे आणि मत दुसऱ्या पक्षाकडे, अशी वाटणी लोकांनी मनोमन करून टाकली होती. वनवासी कल्याण आश्रमाची स्थापना १९५२ ची, आणि आदिवासी भागांतले संघविचाराच्या संस्थांचे काम त्यामुळे जुने आहे. तरी भाजपला नंदुरबारची लोकसभेची जागा मिळाली ती स्थानिक जाळे असलेला उमेदवार लाभल्यावर, २०१४ मध्ये.

म्हणून जे पक्ष हे गांभीर्याने करतात ते मधल्या निवडणुकांकडे लक्ष देतात. ग्रामपंचायत, सोसायटी, बाजार समिती, पंचायत समितीचा गण, येथे थोड्या मतांवर निकाल लागतो आणि प्रतिकूल भागातही एखादा सदस्य निवडून आणता येतो. तो सदस्य हाच त्या गावातला पहिला असा माणूस, ज्याच्याकडे दाखल्यासाठी जाता येते. विधानसभेच्या उमेदवारीसाठी मुंबईत खेटे घालणाऱ्यांना बाजार समितीची निवडणूक क्षुल्लक वाटते, आणि तेथेच पुढचे आकडे ठरत असतात.

### ‘शेवटी सगळे जातीवर आणि धर्मावरच जाते’

हा आक्षेप खरा आहे तेवढाच अपुरा आहे. मालेगाव मध्यचा निकाल समाजघटक वगळून समजूच शकत नाही. नंदुरबारमध्ये २०२४ साली धनगर समाजाला अनुसूचित जमातीत घेण्याच्या मागणीमुळे आणि संविधान बदलले जाईल या चर्चेमुळे आदिवासी मतदार अस्वस्थ होता, आणि काँग्रेसचे गोवाल पाडवी दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. परंतु २०१४ आणि २०१९ मध्ये भाजपला निवडून देणारा मतदारही याच समाजाचा होता आणि उमेदवारही आदिवासीच होते. समाज तोच राहून मत बदलले असेल, तर बदल कशाने झाला हे समाजाच्या नावाने सांगता येणार नाही. शिवाय येथे चर्चा शंभरातल्या नव्वदांची नाही, चार-पाचांची आहे.

### ‘पैसे खात्यात आले की मत येते, बाकी सगळे व्यर्थ’

जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये मिळू लागले आणि नोव्हेंबरमध्ये जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या २० पैकी १९ जागा महायुतीने जिंकल्या. सहा महिन्यांपूर्वी धुळे आणि नंदुरबार या दोन्ही लोकसभा जागा जिंकणाऱ्या काँग्रेसकडे एकटे नवापूर राहिले, तेही १,१२१ मतांनी. योजनेचा परिणाम झाला हे नाकारणे हा हट्ट ठरेल.

मात्र हा उपाय सत्तेत असलेल्यालाच उपलब्ध आहे, आणि प्रतिकूल भागातला पक्ष अनेकदा सत्तेबाहेर असतो. या निकालाचा मला अधिक महत्त्वाचा वाटणारा अर्थ असा, की मे महिन्यात काँग्रेसकडे आलेला मतदार नाराजीने आला होता. त्याला धरून ठेवणारा माणूस गावात नेमला गेला नाही, आणि नोव्हेंबरमध्ये दुसरे कारण मिळताच तो गेला. उद्या योजनेची रक्कम थकली किंवा नाव वगळले गेले, तर हीच गोष्ट महायुतीच्या बाबतीत घडू शकते.

### ‘तिकडे गेलो तर आपले हक्काचे मतदार दुखावतील’

पक्षांच्या तालुका बैठकांत सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारा आक्षेप हाच असतो. त्यात तथ्य केव्हा असते, तर पक्ष एका वस्तीत एक आणि दुसरीत त्याच्या विरुद्ध बोलतो तेव्हा; मोबाईलच्या काळात दोन्ही भाषणे दोन्हीकडे पोहोचतात. यंत्रमागाच्या विजेचा दर, भुयारी गटार, रुग्णालयातले डॉक्टर, पीकविम्याची तक्रार, अशा विषयांवर कोणाचा मूळ मतदार दुखावल्याचे मला तरी कधी दिसले नाही. दुखावतात ते बहुतेक वेळा मूळ मतदार नसून मूळ कार्यकर्ते, कारण नव्या भागातून नवे इच्छुक तयार होतात.

### आपल्या बूथवर कोण काम करते आहे, हे कसे ओळखावे

राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर फॉर्म २० मिळतो. आपल्या बूथचा क्रमांक शोधून लागोपाठच्या तीन निवडणुकांचे आकडे शेजारी शेजारी लिहावेत. मात्र मधल्या काळात बूथची फोड झाली असेल तर यादीतली गावे जुळवून घ्यावीत, आणि लोकसभेची तुलना विधानसभेशी करू नये, कारण उमेदवारच वेगळे असतात. समजा, तुमच्या गावात कमकुवत असलेल्या पक्षाला ४०, मग ७०, मग १२० अशी मते पडली आहेत, तर गावात त्याचे कोणीतरी सतत राबते आहे. ४० वरून एकदम ३०० आणि पुन्हा ६० असा आकडा दिसला, तर ती लाट किंवा नाराजी होती आणि ती ओसरली. आणि तिन्ही वेळा ४० च्या मागेपुढे आकडा असेल, तर त्या पक्षाने तुमचे गाव केव्हाच सोडून दिले आहे, प्रचाराची गाडी दर वेळी येऊन जात असली तरी.